डावखुऱ्या सुनेला क्रोशा शिकवायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. क्रोशा विणायला लागले त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. रुखवतातले रुमाल, दाराची तोरणं, घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं टोपडं, सगळं हाताने केलेलं आहे. भिशीतल्या चार-पाच जणींना शिकवलंही. पण गेले पंधरा दिवस मी अडले आहे आणि इथल्या जाणत्या लोकांना विचारल्याशिवाय पुढे जाता येईल असं वाटत नाही.

सुनेला सातवा महिना लागला. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण झालं की ती माहेरी जाईल. बाळंतविड्यातलं बाकी सगळं आम्ही दोघी आज्या करू, पण टोपडं तिला स्वतःच्या हाताने करायचं आहे. ती पूर्ण डावखुरी आहे. लिहिणं, चिरणं, केस विंचरणं, सगळं डाव्या हाताने. गणपतीत मोदक करायला बसली की कळ्या माझ्यापेक्षा सुबक पडतात, फक्त तिची वळायची दिशा माझ्या उलट असते. म्हणजे हातात कला आहे. मला शिकवता येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या आईने मला शेजारी बसवून शिकवलं, तसंच मी तिला बसवलं. साखळी दोन मिनिटांत जमली. खांबाला (उभ्या टाक्याला) आलो आणि घोटाळा सुरू झाला. घर म्हणजे आधीच्या ओळीत सुई घालायची जागा. मी म्हणायची, "आता डावीकडच्या पुढच्या घरात सुई घाल." तिची ओळ चालते डावीकडून उजवीकडे, म्हणजे तिचं पुढचं घर उजवीकडे. ती बिचारी मी सांगितलं तसं डावीकडे, आत्ताच विणलेल्या खांबातच परत सुई घालायची. एक अख्खी ओळ अशी झाली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की चूक तिची नाही, माझ्या सांगण्यात आहे.

मग मी जे केलं त्याचं अजून वाईट वाटतं. तिला म्हटलं, "उजव्या हातात धरून बघ ना जरा." तिने काही न बोलता सुई उजव्या हातात घेतली. अर्धा तास विणत होती. सुई इतकी आवळून धरली होती की बोटांची टोकं पांढरी पडली. रात्री भांडी आवरताना तिने सांगितलं, की पहिलीत असताना बाईंनी पेन्सिल उजव्या हातात धरायला लावली होती. दोन वर्षं चाललं ते. "आई, उजव्या हातात पेन्सिल आली की मला अक्षरच आठवायचं नाही." पंगतीत वाढतानाही तिला सारखं हटकायचे म्हणे. त्या दिवशी ठरवलं, सुई तिच्या डाव्याच हातात राहणार.

आणखी एक झालं. तिचा टोपड्याचा तिसरा फेरा अर्धा राहिला होता, ती दमून झोपली. मी मदत म्हणून उरलेला फेरा पुरा करायला घेतला. सुईवरचा टाका धरला तर पुढची घरं माझ्या उजवीकडे. मला विणायला विणकाम उलटं फिरवावं लागलं. सोळा-सतरा खांब घातले, पलटून पाहिलं तर बाहेरच्या बाजूने तिचे खांब गुळगुळीत आणि माझ्या खांबांच्या पाठी, त्यांचे उंचवटे सगळे वर आलेले. सकाळी तिने बोट फिरवलं आणि लगेच ओळखलं. सगळं उसवलं.

तर माझे प्रश्न असे. तिला नीट दिसेल असं शिकवायचं कसं? लिहिलेली वीण आणि आकृत्या तिने कशा वाचायच्या? टोपड्याचा फेरा उलट दिशेने गेला तर वस्तूत काही बिघडतं का? तिच्यासाठी वेगळी सुई मिळते का? आणि नंतर दोन सुयांवर मोजे शिकायचेत तिला, तिथे काय करावं? हातात पाच आठवडे आहेत.

प्रतिसाद १

ताई, शेजारी बसवू नका, समोर बसवा. गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. तुमची सुई तुमच्या उजव्या हातात असेल ती तिला स्वतःच्या डाव्या बाजूला दिसेल, आणि तुमची ओळ तिच्या नजरेने डावीकडून उजवीकडेच सरकेल. आरशात बघून भांग पाडतो तसं तिने नुसतं बघून करायचं.

समोर बसणं जमत नसेल तर तुमच्या खांद्यावरून तुमच्या हातांचा व्हिडिओ काढा आणि चित्र आडवं उलटवून तिला दाखवा. पडद्यावर दिसतं ते आरशासारखं असतं, तिने पडद्याकडे बघून विणावं. व्हिडिओ बघून शिकणार असेल तर फोनमध्ये चित्र आडवं उलटवायची सोय असते, ती वापरा.

सुई वेगळी लागत नाही. साधी गोल दांड्याची सुई दोन्ही हातांना सारखीच. फक्त एका हाताच्या बोटांप्रमाणे घडवलेली जाड मूठ असलेली घेऊ नका.

प्रतिसाद २

मी स्वतः डावखुरी. नागपूरला असते, विणकाम कॉलेजपासून करते. वरचा सल्ला बरोबर आहे, पण त्यात एक अडचण आहे ती आधीच सांगते. समोर बसलं की हातांची हालचाल छान कळते, पण शिकवणाऱ्याच्या विणकामाची मागची बाजू आपल्याला दिसते. सुई नेमकी कुठल्या दोन धाग्यांखालून गेली ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक खांबाला थांबा, विणकाम तिच्याकडे कलतं करा, सुई घरात घातलेली दाखवा आणि मग पुढे जा.

दुसरं, उजवीकडे-डावीकडे हे शब्दच टाकून द्या. माझ्या मावशीने मला शिकवताना "सुईचा हात" आणि "दोऱ्याचा हात" असे दोनच शब्द ठेवले होते. पुढचं घर नेहमी दोऱ्याच्या हाताकडे, विणून झालेले खांब सुईच्या हाताकडे. हे तुम्हालाही खरं आणि तिलाही खरं. सुईवरचा दोऱ्याचा वेढासुद्धा असाच सांगायचा: दोरा सुईच्या मागून वर येऊन पुढे उतरला पाहिजे. नवीन शिकणाऱ्या डावखुऱ्या मुली पुष्कळदा सुई दोऱ्याच्या वरून नेऊन ओढतात. मग खांबाचे पाय एकमेकांवर फुलीसारखे येतात आणि वीण आवळते. तिचे खांब तुमच्यापेक्षा बुटके वाटत असतील तर हे आधी तपासा.

आणि जमलं तर एक दिवस तुम्ही डाव्या हाताने दहा खांब विणून बघा. माझ्या मावशीने विणले होते. दोरा करंगळीत कुठे अडकवायचा, अंगठा कुठे दाबायचा, हे आपले हात न विचारता करतात, त्यामुळे सांगायचं राहून जातं. हात बदलला की ते सगळं पुन्हा कळतं.

टोपडं अजिबात बिघडत नाही. तुमचे फेरे घड्याळाच्या उलट जातात, तिचे घड्याळाप्रमाणे जातील. फेरा जोडल्याची रेघ तुमची हळूहळू एका बाजूला सरकते, तिची दुसऱ्या बाजूला सरकेल, एवढाच फरक. मात्र एका वस्तूत दोघींचे हात नकोत, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

प्रतिसाद ३

थोडं वेगळं मत मांडते. क्रोशात एका हाताकडे काम जास्त असतं, तिथे डाव्या हातानेच विणावं हे पटतं. पण दोन सुयांवर दोन्ही हात राबतात. मी ओळखते त्यातल्या दोघी डावखुऱ्या नेहमीच्याच पद्धतीने विणतात, टाके डाव्या सुईवरून उजवीवर. दोरा डाव्या तर्जनीवर घेऊन विणायची पद्धत आहे, त्यात डाव्या हाताला भरपूर काम मिळतं. ती आधी करून बघू दे. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅट धरतो उजव्या हाताची. कुठल्या कामाला कुठला हात पुढे येईल हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

पण निवड तिची. आरशातल्यासारखं विणायचं ठरवलं तर एक लक्षात ठेवा, दोन टाके एकत्र विणून घटवले की आपला टाका उजवीकडे कलतो, तिचा डावीकडे कलेल. मोज्याला त्याने काही होत नाही, दोन्ही कडांना घटी असल्या की जागांची अदलाबदल करायची. वेणीची वीणसुद्धा उलट पिळाची येईल, दिसायला तितकीच सुंदर.

प्रतिसाद ४ (नागपूरवरून पुन्हा मीच)

आकृत्यांचं राहिलं होतं. गोल वस्तूची आकृती तिने घड्याळाच्या दिशेने वाचायची. सरळ ओळींची असेल तर तुम्ही पहिली ओळ खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करता, तिने खालच्या डाव्या कोपऱ्यातून करायची. लिहिलेली वीण, म्हणजे "3 साखळ्या, पुढच्या घरात 2 खांब" वगैरे, जशीच्या तशी चालते. स्वेटरच्या पुढच्या भागांपुरतं ध्यानात ठेवायचं, की सूचनेतला उजवा भाग तिच्या हातून डावा होतो.

अक्षरं असतील तर आकृती आरशासारखी उलटवून घेऊ नका, उजव्या कोपऱ्यातूनही वाचू नका. मी जाळीच्या विणीत "सुस्वागतम"चं तोरण केलं होतं, आकृती छापली तशीच उजव्या कोपऱ्यातून वाचत गेले. अडीच महिने विणलं आणि दारावर धरलं तर सगळी अक्षरं उलटी. रडू आलं. मग भावजयीने तोरण पलटून टांगलं आणि ते सरळ वाचता यायला लागलं, कारण जाळीची वीण दोन्हीकडून जवळपास सारखीच दिसते. ते अजून माझ्या दारावर आहे. पण लोकरीच्या उठावदार विणीत हा उपाय चालणार नाही.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी मीच, साताऱ्याची)

सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ दिवस झाले, काय झालं ते लिहिते.

खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. गडद रंगाची लोकर बाजूला ठेवून फिकट पिवळी घेतली, म्हणजे घरं स्पष्ट दिसतात. "सुईचा हात, दोऱ्याचा हात" हे शब्द वापरायला लागल्यापासून तिने एकदाही मागच्या खांबात सुई घातलेली नाही. मी दोन दुपारी डाव्या हाताने विणायचा प्रयत्न केला. सात खांबांना वीस मिनिटं लागली. तेव्हा कळलं, की दोरा मधल्या बोटाने किंचित खाली दाबून धरते मी, आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तिला ते सांगितलं आणि तिचे खांब एकदम एका उंचीचे यायला लागले. वेढ्याचंही खरं निघालं, ती सुई वरूनच नेत होती.

पहिल्या फेऱ्यात 12 खांब, दुसऱ्यात प्रत्येक घरात दोन म्हणजे 24, तिसऱ्यात एकाआड एक वाढवून 36. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर धरला तर माथ्याची चकती 11 सेंटीमीटर रुंद झाली की वाढवणं थांबवायचं आणि सरळ फेरे घालायचे. तिने पट्टी लावून मोजलं, 11 ला जरासं कमी. तिथे थांबवलं. मग सरळ फेरे सुरू झाल्यावर वाटी आतून बाहेर वळली आणि ती पलीकडच्या कडेवर विणायला लागली. ते मी समोर बसले होते म्हणून लगेच दिसलं. बाहेरची बाजू आपल्याकडे आणि सुई जवळच्या कडेवर, असं सांगून वाटी पलटवून दिली. परत चुकली नाही.

काल टोपडं पुरं झालं. कडेला एकेका घरात पाच-पाच खांब घालून शंख केलेत, नाड्या साखळीच्या. जोडाची रेघ माझ्या टोपड्यांच्या उलट बाजूला सरकलेली आहे. माझ्या मुलाचं जुनं टोपडं पेटीतून काढून तिने दोन्ही शेजारी ठेवली आणि बराच वेळ त्या दोन रेघांवरून बोट फिरवत बसली होती. मी त्यातल्या एकाही टाक्याला हात लावलेला नाही.

मोज्यांसाठी तिने दोन्ही पद्धतींनी वीस-वीस टाके घालून पाहिले. दोरा डाव्या तर्जनीवर घेऊन नेहमीसारखं विणणं तिला आवडलं, त्यामुळे तो प्रश्न तिचा तिनेच सोडवला.

आता एकच विचारायचं आहे. दोरा कापताना तिची फार कुचंबणा होते. आपली कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात, लोकर कापण्याऐवजी मधे दुमडते. उलट्या पात्यांची, डावखुऱ्यांची लहान कात्री पुण्यात कुठे मिळते का? रविवारी मुलगा पुण्याला जाणार आहे. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत कुणी घेतली असेल तर कुठल्या प्रकारच्या दुकानात विचारायचं तेवढं सांगा. ती माहेरी जायच्या आत तिच्या विणकामाच्या पिशवीत ठेवायची आहे.