दार लोंबतंय, खालचा पत्राही गेलाय. मदत हवी आहे

तिरका_पाना:
जुनी गाडी आहे. ड्रायव्हरकडचं दार लावताना उचलून धरावं लागतं, नाहीतर लॉक स्ट्रायकरवर (चौकटीवरची कडी, जिच्यात लॉक अडकतं) आपटतं. स्ट्रायकर खाली सरकवला, आता आणखी खाली जात नाही. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगला होता, स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर टोक आरपार गेलं. दार उतरवून दोन्ही कामं एकदमच उरकायची आहेत. नवीन बिजागर मिळत नाही. लवकर सांगा, गाडी रोज लागते.

गाडीभर_गप्पा:
कुठली गाडी? बिजागर बोल्टवर आहे की वेल्ड केलेलं? फोटो? नुसतं 'जुनी गाडी' म्हणालात तर इथे कुणी ज्योतिषी नाही बसलेला.

तिरका_पाना:
नावाने काय फरक पडतो? दोन दारांची आहे. बिजागर खांबाला (दाराच्या चौकटीचा उभा भाग) वेल्ड केलेलं.

सावकाश:
मग फरक पडतोच. दोन दारांच्या गाडीचं दार लांब नि जड, सगळी ओढ वरच्या बिजागरावर. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला धरून वर-खाली हलवा आणि कुणाला तरी बिजागराकडे बघत बसवा. पिनपाशी हालचाल दिसली तर पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) झिजलेत. बिजागर घट्ट आणि खांबाचा पत्राच हलतोय असं दिसलं, तर आधी खांब. मग बुशचा विचारही करू नका.

धूरकांडी:
एवढा व्याप कशाला! उघड्या दाराखाली जॅक लावून वर रेटा, बिजागर वाकून दार जागेवर येतं. माझ्या गाडीला केलंय, मस्त चालतंय.

सावकाश:
पिन ढिली असताना वाकवलंत तर ढिलेपणा तसाच राहतो. दार लावलेलं असताना बरं दिसतं, उघडलं की पुन्हा खाली. जॅक हवाच, पण दार पेलायला. मध्ये लाकडाची फळी ठेवा.

उपद्व्यापी:
दार उघडलंच आहे तर सेंट्रल लॉक बसवून घ्या. दाराचं आतलं पॅड दोनदा कोण काढणार?

तिरका_पाना:
सेंट्रल लॉकचं कुणी विचारलंय? पिनपाशीच हलतंय, वरच्या बिजागराला. खालचं ठीक वाटतंय. पत्र्याचं सांगा. फायबर मॅट आणि वर लांबी (पुट्टी), चालेल?

धूरकांडी:
धावेल. कुणाला कळतंय!

पत्रेवाला_भाऊ:
पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांना कळेल. हा गंज बाहेरून आलेला नाही. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. भोकं चिखलाने बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खातं. लांबीही पाणी धरते. वरून गुळगुळीत, आत गंज चालूच.

पॅड काढून आत बॅटरी मारा. चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा, फुग्याच्या बाहेरही बराच जातो. तेवढंच ठिगळ 0.8 ते 1 मिमी पत्र्याचं. सलग वेल्ड ओढू नका, पत्रा तापून लाटा येतात. एकमेकांपासून लांब लांब छोटे टाके, मध्ये थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. त्याआधी गाडीच्या बॅटरीची वायर काढा, काच आणि प्लॅस्टिकचा पडदाही. मग इपॉक्सी प्रायमर, लांबी असलीच तर त्याच्यावर पातळ. रंग झाल्यावर आतून मेण फवारा. मात्र भोकं मोकळी ठेवा!

गाडीभर_गप्पा:
गंज पालटणारं केमिकल लावलं तर कापायची गरजच नाही. काळं पडतं आणि थांबतं.

पत्रेवाला_भाऊ:
वरवरच्या गंजाला ठीक. इथे स्क्रूड्रायव्हर आरपार गेलाय, केमिकल नेमकं कशाला लावणार? भोकाला?

उपद्व्यापी:
मेटॅलिक रंग असेल तर जुळायचा नाही, पूर्ण बाजू मारावी लागेल.

तिरका_पाना:
रंग पांढरा आहे. वरची पिन काढली. मधोमध झिजून बारीक झालीय, बुशचा पत्ताच नाही. बिजागराचं भोकही लंबगोल झालंय. आता? दार जॅकवर आहे.

सावकाश:
भोक रीमरने (भोक मापात कोरायचं हत्यार) गोल करा. त्या मापाचा पितळी बुश आणि कडक पोलादी पिन लेथवर करून घ्या. पिन हाताने सहज सरकेल इतका सैल नको, हलक्या ठोक्याने बसायला हवी. दार उतरवू नका, वरची बसली की मग खालची काढा, तिचाही बुश बदला. दोन्ही एकदम काढल्या तर जागा शोधत बसाल. शेवटी लिथियम ग्रीस. गंज सोडवणारा पातळ स्प्रे वंगण म्हणून टिकत नाही.

आणि स्ट्रायकर पुन्हा वर न्या. जुन्या जागी रंगात त्याचा ठसा दिसेल. दार नीट बसल्यावर तो खाली राहिला तर लॉक आता वरून घासेल.

तिरका_पाना:
ठसा दिसतोय. दाराला आधी बुश की आधी वेल्डिंग?

पत्रेवाला_भाऊ:
आधी बुश. दार जागेवर बसल्याशिवाय खालच्या कडेची फट कशावरून धरणार?