विकलेल्या जुन्या लेथबद्दल खरेदीदाराची तक्रार: मदत हवी आहे

नमस्कार. भोसरीतील आमच्या वर्कशॉपमधला सहा फुटी लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणारे मशीन) ऑनलाइन जाहिरात देऊन कोल्हापूरच्या एका कारखानदारांना विकला. चकजवळ (तुकडा पकडणाऱ्या भागाजवळ) बेडची, म्हणजे मशीनच्या लांब पायाची, झीज आहे, हे फोटोंसह आधीच कळवले होते. तरीही जॉबला (कापलेल्या तुकड्याला) टेपर येतो, म्हणजे व्यास एका टोकाकडे कमी होत जातो, म्हणून निम्मी रक्कम परत करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. इथे टेस्ट पीस कापला तेव्हा ३०० मिलिमीटर लांबीत व्यासात ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता, त्यामुळे तिथे लेव्हलिंग (मशीन समपातळीत बसवणे) नीट न झाल्याने बेडला पीळ पडला असावा, असे मला वाटते. माल पारखून घेण्याची जबाबदारी १९३०चा वस्तुविक्री कायदा बहुतांशी खरेदीदारावर टाकतो. पण मला कायद्यावर बोट ठेवून संबंध तोडायचे नाहीत. स्वखर्चाने फिटर पाठवून प्रिसिजन लेव्हलने बेड तपासून द्यावा का, आणि दोष खरा निघाल्यास भरपाई कोणत्या आधारावर ठरवावी? जुन्या मशिनरीच्या व्यवहारातील अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.