थ्री-बॉडी वाचताना अडतं कुठे

चिनी लेखक लिऊ सिशिनची विज्ञान-कादंबरी 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' वाचताना त्यातल्या आभासी (व्हर्च्युअल रिॲलिटी) खेळाच्या प्रकरणांपाशी गाडी अडली, असं एका वाचकाचं म्हणणं आहे. ती प्रकरणं गाळू नका. सैनिकांचा संगणक तर सावकाश वाचा: तीन सैनिक, हातात काळं-पांढरं निशाण, दोघं इनपुट, तिसरा आउटपुट. तो त्या दोघांकडे बघून ठरलेलं निशाण वर करतो, की झालं लॉजिक गेट, म्हणजे संगणकाचा सर्वांत छोटा निर्णय घेणारा भाग! अशी गेटं जोडत तीन कोटींची फौज उभी राहते. हे नीट कळलं की बाकीचं गणित डोक्यावरून गेलं तरी चालतं.

नावांचा गोंधळ होत असेल तर चिनी नावात आडनाव आधी येतं एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या भागात ('द डार्क फॉरेस्ट') सुरुवातीला थडग्यावर चढणारी मुंगी आणि शेजारी चाललेलं संभाषण येतं. बरेच जण ती पानं भराभर उलटतात आणि शेवटी उलगडा झाला की 'हे कुठून आलं?' म्हणतात. विश्व-समाजशास्त्राची, म्हणजे विश्वातल्या संस्कृती एकमेकींशी कशा वागतील याच्या कादंबरीतल्या शास्त्राची, दोन गृहीतकं तिथेच आहेत. खूण करून ठेवा.

विज्ञान म्हणाल तर लेखकाने सूट घेतलीय: कादंबरीतलं तीन सूर्यांचं परग्रही जग अल्फा सेंटॉरी या आपल्या शेजारच्या तारकासमूहात दाखवलंय. खऱ्या अल्फा सेंटॉरीत दोन मोठे तारे सुमारे 80 वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. तिसरा छोटा तारा प्रॉक्झिमा इतका दूर आणि हलका, की त्यांच्यात फारशी ढवळाढवळ करत नाही. कादंबरीतली तीन सूर्यांच्या फिरण्यातली अनागोंदी तिथे नाही.

नेटफ्लिक्सची मालिका बघून पुस्तकाला हात घालणाऱ्यांनी मात्र पात्रं नव्याने ओळखायची तयारी ठेवावी.