मदत हवी आहे: टाकीतले झोअँथिड (प्रवाळासारखे मऊ जीव) मिटलेले, अमोनिया शून्य, मग चुकतंय कुठे?

दर्यादिल_ठाणे: दोन महिन्यांपूर्वी छोटी रीफ टाकी (खाऱ्या पाण्याचं, प्रवाळाचं मत्स्यालय) लावली. सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं) पूर्ण आहे. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. दोन क्लाउनफिश व्यवस्थित खातात. पण झोअँथिड चार दिवस मिटलेत आणि गोगलगायी काचेवरून पडल्या की तशाच पडून राहतात. वाळूवर तपकिरी थर आलाय. कोणतं औषध टाकू? आज रात्रीच टाकायचं आहे, लवकर सांगा.

खाजण: औषध नको. गोगलगायीसुद्धा ढेपाळल्यात म्हणजे दोष पाण्यात आहे. टाकी किती लिटर? क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) किती आणि कशाने मोजता? पाणी कुठलं?

दर्यादिल_ठाणे: दोन फुटी आहे. आरओचं पाणी. क्षारतेचा प्रश्न नाही, मीठ पाकिटावरच्या मापानेच घातलंय.

निळीशाई: लाइट बघा आधी. झोअँथिडना निळा जास्त, पांढरा कमी, दिवसाला ८ तास. नव्या टाकीत लाइट एकदम पूर्ण ताकदीने लावला की हेच होतं.

खाजण: लाइटने गोगलगायी पडत नाहीत हो. धागाकर्ते, रुंदी-उंची आणि क्षारतेचा आकडा द्या. मीठ घातलं त्या दिवशीचा नको, आजचा.

गोडेपाणी: तपकिरी थर म्हणजे दगड घाण झालेत. बाहेर काढून उकळा. वाळूही बदला, कोकणातून आणली तर फुकट.

खाजण: उकळू नका! हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय. झोअँथिड आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. उकळताना ते वाफेबरोबर श्वासात जातं आणि घरातले सगळे दवाखान्यात पोचू शकतात. दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. वाळूबद्दल: रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात. ती काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि काचेवर ओरखडे पडतात. अरागोनाइट (चुनखडी प्रकारची) वाळूच घ्यावी.

दर्यादिल_ठाणे: ६० × ३० × ३६ सेंमी. काट्याचा हायड्रोमीटर (घनतेवरून क्षारता मोजणारा) १.०२४ दाखवतो. उन्हाळ्यामुळे दोन आठवडे पंखा लावलाय, रोज अर्धा लिटर पाणी उडतं. पण जेवढं उडतं तेवढं मिठाचं पाणी तयार करून रोज भरतो, मग क्षारता बदलेल कशी?

खाजण: सापडलं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. भर नेहमी बिनमिठाच्या पाण्याची घालायची. तुमची काच ६५ लिटरची, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण ५० लिटर. रोज अर्धा लिटर, १४ दिवस, म्हणजे ७ लिटर खारं पाणी जादा गेलं. लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे २४५ ग्रॅम मीठ, म्हणजे दर लिटरमागे जवळपास ५ ग्रॅम. ३५ चे ४० झाले. विशिष्ट गुरुत्वात १.०२६ चं १.०३०. काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होऊन कमी आकडा दाखवतो, बुडबुडा चिकटला तर जास्त. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारं उपकरण) मिळवा आणि ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून मगच मोजा.

निळीशाई: मग अर्धं पाणी एकदम बदलून टाका, संपलं.

खाजण: मासे सोसतील, गोगलगायी आणि झोअँथिड नाही. रोज २ लिटर काढून २ लिटर बिनमिठाचं पाणी, वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोतात, हळूहळू. क्षारता अशी उतरेल: ४०, ३८.४, ३६.९, ३५.४. तीन दिवसांत जागेवर. मग थांबायचं.

तळकोकणी: आणि ते आरओ घरातलं पिण्याचं का? त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. कंट्रोलर नळाचं पाणी परत मिसळतो. त्यातल्या सिलिकेटवर डायटम (सूक्ष्म शैवाल) पोसतात, तो तपकिरी थर तोच. कंट्रोलर बंद करा, कार्ट्रिज वगळा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं) जोडा. टीडीएस मीटरवर ० यायला हवं.

शिंपला२२: विषय निघालाय म्हणून, ॲक्रोपोरा मुंबईत कुठे मिळेल?

तळकोकणी: ॲक्रोपोरा दगडी प्रवाळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये सगळे दगडी प्रवाळ येतात. कुणी देतो म्हणाला तरी घेऊ नका. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉकही (जिवाणू, जीव असलेला दगड) नको, कोरड्या दगडावर सायकल होते.

गोडेपाणी: एवढ्या टाकीला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) लागेलच.

खाजण: दोन माशांना नाही. आठवड्याला ५ लिटर पाणी बदललं की पुरतं. त्या पैशात बॅटरीवरचा एअरपंप घ्या, वीज गेल्यावर प्राणवायू आधी संपतो.

दर्यादिल_ठाणे: रिफ्रॅक्टोमीटर मिळाला. खरंच १.०३० होतं! आज २ लिटर बदललं, आता १.०२९. मिनरल कार्ट्रिज काढलं. झोअँथिड मिटलेलेच आहेत, बोटाने दाबून पाहिले तर चिकट बुळबुळीत लागतात.

खाजण: बोटाने दाबू नका! हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका. उद्या-परवाचे आकडे इथेच टाका.