मनगटावर बारीक रेषेचा टॅटू: गोंदवून घेण्यापूर्वी काय समजून घ्यावे?

प्रश्न : सातारकर_लेक

नमस्कार. माझ्या आजीच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन गोंदलेले होते. लहानपणी जत्रेत ते गोंदवून घेतले, असे ती सांगत असे. मला कळू लागले तोवर त्याच्या रेषा पसरून हिरवट-निळ्या झाल्या होत्या आणि वृंदावनाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. गेल्या वर्षी आजी गेली. तेच चित्र मला माझ्या मनगटावर ‘फाइन लाइन’ पद्धतीने, साधारण २ सेंटिमीटर उंचीचे हवे आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत तिचे नाव ‘सुभद्रा’. या पद्धतीची रेषा किती टिकते, सुई बारीक असल्याने त्वचेला त्रास कमी होतो का आणि कलाकार कसा पारखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मी नियमित रक्तदान करते, म्हणून त्याबद्दलही विचारते.

उत्तर १ : रेषा_आणि_शाई (ठाणे, व्यवसायाने टॅटू कलाकार)

ताई, आपण आजीच्या गोंदणाचे जे वर्णन केले आहे, त्यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. शाई त्वचेच्या वरच्या थरात राहिली तर तो थर काही आठवड्यांत झडून नवा येताना तीही निघून जाते. म्हणून ती त्याखालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीवर, सोडावी लागते. तिथे शरीरातील भक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मरतात तेव्हा सुटलेले कण शेजारच्या पेशी पुन्हा उचलतात, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या देवाणघेवाणीत रेषा थोडी रुंद आणि मऊ होत जाते. सुई कोणतीही असो, हे घडतेच.

या पद्धतीत एकच सुई किंवा तीन सुयांचा लहान गोल संच वापरतात. बारीक रेषेला चुकीची मुभा फार कमी असते. हात उथळ पडला तर रेषा तुटक होऊन झडते. खोल गेला तर शाई चरबीच्या थरात उतरून रेषेभोवती निळसर सावली पसरते. तिला आमच्याकडे ‘ब्लोआउट’ म्हणतात. मनगटाच्या आतली त्वचा पातळ असल्याने तिथे हा धोका अधिक असतो.

ही शैली १९७० च्या दशकात पूर्व लॉस एंजेलिसमधील चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी, समाजात रुजली. तुरुंगात जुगाड करून बनवलेल्या एकसुई यंत्रांवर तिची घडण झाली आणि १९७५ मध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी या टॅटू कलाकारांनी तिथे उघडलेल्या दुकानातून ती व्यवसायात आली. त्या लोकांची देवादिकांची चित्रे आणि चेहरे चांगले मोठे असत, त्यामुळे बारीक रेषांना पसरायला जागा मिळे. आज तीच रेषा नखाएवढ्या चित्रात मागितली जाते, आणि अडचण नेमकी तिथे येते.

आता नावाकडे पाहू. ‘भ’ आणि ‘म’ यांतला मुख्य फरक म्हणजे डावीकडच्या गाठीवर शिरोरेषा तुटलेली असते. अक्षर ३ मिलिमीटरचे असेल तर काही वर्षांत ती फट भरून ‘सुभद्रा’चे ‘सुमद्रा’ होऊ शकते. ‘द्र’मधली तिरकी रेघही गाठीत हरवते. माझ्या हातून मी देवनागरी अक्षर ७ मिलिमीटरपेक्षा लहान काढत नाही. वृंदावन ४ सेंटिमीटरचे घ्या, पायऱ्या तीनच ठेवा आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायला सांगा.

कलाकाराकडे ताज्या कामाची छायाचित्रे मागू नका, कारण ताजी रेषा सगळ्यांचीच सुरेख दिसते. किमान वर्षभर जुन्या, भरून आलेल्या कामाची मागा आणि त्यांत आपल्यासारख्या वर्णाच्या त्वचेवरची पाहा.

उत्तर २ : मोरपीस_८९

माझा अनुभव थोडक्यात सांगते. मी बोटाच्या कडेला पानांची नाजूक वेल काढून घेतली होती. चौथ्या महिन्यात निम्मी पाने गेली, कारण तिथली त्वचा सतत घासली जाते. पुन्हा गोंदवली तेव्हा सुई खोल गेली आणि आता देठाभोवती निळसर डाग आहे. जागा फार विचारपूर्वक निवडा.

उत्तर ३ : त्वचारोग_वैद्य

सुई बारीक असली तरी ती त्वचा भेदतेच, त्यामुळे संसर्गाचा धोका जाड सुईइतकाच असतो. सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढली जावी आणि शाई एकदाच वापरायच्या टोपणात ओतलेली असावी, हा आग्रह न संकोचता धरा. पूर्वी एखादा व्रण फुगून केलॉइड झाला असेल, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस हे त्वचाविकार असतील, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. सोरायसिस आणि लायकेन प्लॅनस या दोन्हींत सुईच्या वाटेवरच नवे चट्टे उठू शकतात.

वरची त्वचा भरायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात पोहणे टाळा, खपली काढू नका, आणि नंतर बाहेर पडताना त्या जागी सनस्क्रीन लावत जा. लेझरने टॅटू काढता येतो या भरवशावर निर्णय घेऊ नका. त्याला अनेक बैठका लागतात आणि सावळ्या त्वचेवर फिकट किंवा काळपट डाग राहू शकतात. रक्तदान मात्र १२ महिने थांबवावे लागेल.

प्रश्नकर्ती : सातारकर_लेक

सर्वांचे मनापासून आभार. ‘सुमद्रा’ वाचून काळजात धस्स झाले. पुढच्या महिन्यात आमच्याकडे शिबिर आहे, तेव्हा आधी रक्तदान करते आणि त्यानंतरच टॅटूचे ठरवते. चित्र मनगटाऐवजी थोडे वर, हाताच्या आतल्या बाजूला, ४ सेंटिमीटरचे घेईन. आजीचा भाकरी थापतानाचा एक फोटो आहे, त्यात मनगट स्पष्ट दिसते. पायऱ्या किती होत्या, ते त्यावरून मोजते.