अबटमेंटला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: दंतरोपणावरच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. एका वाक्याशी अडलंय. आशय असा: अबटमेंटचा (हाडात बसवलेला स्क्रू म्हणजे इम्प्लांट, तो आणि वरचा कृत्रिम दात यांना जोडणाऱ्या तुकड्याचा) व्यास इम्प्लांटच्या माथ्यापेक्षा कमी ठेवला तर भोवतालच्या हाडाची झीज कमी होऊ शकते. मी 'आधारस्तंभ' लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी खोडलं. म्हणाले, आधार हाडातल्या इम्प्लांटचा, हा मधला तुकडा. मग याला म्हणू काय?

तिरकस: अबटमेंटच. पेशंट म्हणतो 'स्क्रू बसवला, वर कॅप लावली'. मधल्या तुकड्याची त्याला खबरही नसते. कुणी मागितलं नाही त्याचं बारसं कशाला?

दाढदुखी: दाताची डॉक्टर आहे म्हणून बोलते. खोडलं ते योग्यच. इम्प्लांट आणि अबटमेंट यांच्या सांध्यात बारीक फट राहते, तिथे जंतू घर करतात. ती हाडाच्या काठाला खेटून असली की हाड मागे सरतं. अबटमेंट अरुंद घेतला तर फट काठापासून आत, मध्याकडे जाते आणि माथ्यावर हिरडीला टेकायला आडवी कड मिळते. याला प्लॅटफॉर्म स्विचिंग म्हणतात (कृपया 'फलाटबदल' करू नका!). म्हणजे मुद्दा भार पेलण्याचा नाही, सांधा कुठे येतो याचा. मी पेशंटला सरळ 'मान' सांगते.

बोरूबहाद्दर: 'मान' गोड आहे, पण 'तुमची मान सैल झालीय, घट्ट करावी लागेल' हे खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला ऐकवून बघा. 'खुंट' घ्या. खुंट, खुंटा, खुंटी एकाच घरातले. रोवलेला, वर काही बसवता येईल असा.

तिरकस: आणि 'खुंटणे' कुठल्या घरातलं? हाड टिकवायच्या पत्रकात खुंट!

बोरूबहाद्दर: मूळ इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या पोटात 'टोक' आहे. टोकाला टोक भिडतं ते. पुलाच्या दोन्ही टोकांच्या आधारांनाही हेच नाव. त्या न्यायाने 'भिडणी' का नको?

शब्दवेडी: भिडणी वाचून पेशंट पळेल. दाढदुखीताई, 'मान' घेतलं तर पुढचं 'मानेचा उतार' जमेल का? पत्रकात आकारावर अख्खा परिच्छेद आहे.

दाढदुखी: जमेल, आणि तो परिच्छेद गाळू नका. मान हिरडीतून वर येताना एकदम फुगीर केली, तर खाली ब्रश पोचत नाही, चिकटवायचं सिमेंट आत अडकलं तर दिसतही नाही. हिरडी सुजते, मग हाड जातं. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. टायटॅनियमच्या मानेच्या बाजूने ते बहुतेक समांतर जातात, नाहीतर वळसा घालतात. पकड हलकी, म्हणून उतार सौम्य हवा.

ओसरी: मुळात 'रोपण'च चुकलंय. रोप वाढतं, टायटॅनियम वाढतं का?

दाढदुखी: वाढत नाही, पण धरतं! स्वीडिश संशोधक ब्रॉनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, तेव्हापासून सगळा खेळ हाडाने धातूला धरण्याचाच आहे. त्याला 'अस्थिसमाकलन' लिहिणाऱ्यांपेक्षा 'हाडाने धरलं' म्हणणारे पेशंट मला शहाणे वाटतात.

बोरूबहाद्दर: परिभाषा ही पेशंटच्या सोयीने ठरत नसते.

तिरकस: मग पत्रक कुणासाठी आहे?

शब्दवेडी: पत्रक आज छापायला जातंय हो! मान की खुंट?

ओसरी: त्याआधी एक सांगा. ताई, वरच्या वाक्यात तुम्ही इम्प्लांट 'बसवले' लिहिलंत. तो इम्प्लांट की ते इम्प्लांट?

तिरकस: ते. यंत्र, हाड, इम्प्लांट.

बोरूबहाद्दर: तो! तो दात, तो स्क्रू. नपुंसकलिंगी कसा होईल?