जोडी घडवणाऱ्याला काय म्हणावं?

पांदण: आमच्या शंकरपटात, म्हंजे बैलजोडीच्या शर्यतीत, यंदा मालक आणि धुरकरी सोडून तिसरं बक्षीस ठेवाचं चालू हाय, जोडी घडवणाऱ्याले. घोड्याच्या रेसमंदी ट्रेनर असते, तसा. मानपत्रावर काय लिहू? 'बैलशिक्षक' लिहिलं तं पोट्टे हासतीन.

सालोतरी: धुरकरी तर नकोच. तो धुरेवर बसून हाकणारा, म्हणजे जॉकीच्या जागचा. घोड्यांपुरता जुना शब्द 'चाबूकस्वार', अडेल घोडं फिरवून वळणावर आणणारा. खरारा, चारापाणी मोतद्दाराकडे. ट्रेनरचं काम या दोघांच्या वरचं: कोणतं जनावर कोणत्या शर्यतीत उतरवायचं, रपेट किती द्यायची, पाय भरून आले तर कधी थांबायचं. शिवाय बैलांच्या शर्यतीत कायद्यानं चाबूक बंद, आणि शब्दातच चाबूक!

कपाशी: शब्दाचं नंतर पाहू, बक्षीस कशावर देणार ते बोला. ब्रिटनमध्ये अव्वल ट्रेनर मोसमात जिंकलेल्या बक्षिसांच्या रकमेवर ठरतो. म्हणजे ज्याच्या तबेल्यात महागडी घोडी, त्याचं पारडं आधीच जड. अमेरिकेत 1971 पासून एक्लिप्स पुरस्कार आहे, तो मतांवर. मतांचं काय होतं ते आपल्याला सोसायटीच्या निवडणुकीत दिसतंच. मला विचाराल तर ऑस्ट्रेलियाचा बार्ट कमिंग्ज मोठा. मेलबर्न कप ही तिथली मोठी शर्यत 12 वेळा जिंकला, पहिला 1965चा, शेवटचा 2008चा. एक चांगलं घोडं नशिबानंही हाती लागतं; चाळीसावर वर्षं नवनवी घोडी 3200 मीटर दमानं पळवणं नशिबाचं काम नाही.

पांदण: आमच्याकडं सारं सेकंदावर. पण सेकंद जोडीचे, माणसाचे कुठं? माह्या मतानं, ज्याच्या हातचा गोऱ्हा तुतारी, म्हंजे खिळ्याची काठी, न टोचता, शेपूट न पिरगाळता सरळ पळते आणि पुढच्या सालीही पटात दिसते, त्याले द्या.

सालोतरी: मग 'वस्ताद' लिहा की. कुस्तीच्या आखाड्यातला शब्द, गावात सगळ्यांना ठाऊक, आणि पठ्ठ्या जिंकला की वस्तादाचं नाव आपोआप निघतं. 'प्रशिक्षक' चुकीचा नाही, पण शिबिरातला वाटतो.

कपाशी: वस्ताद चालेल. फक्त 'लय वस्ताद हाय' असं आपण बेरकी माणसालाही म्हणतो, म्हणून 'जोडीचे वस्ताद' असं पूर्ण लिहा.

पांदण: जमलं. आता मालकाचं नाव वर का वस्तादाचं, यावर समितीत भांडण होईन.

सालोतरी: मालकाला ढाल आहेच. या कागदावर त्याचं नाव कशाला?